दंडावरचं बटण आणि चंचीतला गूळ

माझा स्वभाव भांडखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला शोध लावल्याचं समाधान नको. सोलापुरातल्या एका शाळेत मी गणित शिकवते. मुख्याध्यापकांशी भांडते, रिक्षावाल्याशी भांडते, आणि भाजीवालीशी दोन शब्द झाल्याशिवाय मेथीची जुडी घेतल्यासारखी वाटत नाही. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात सासूशी पहिलं भांडण झालं, ते भाकरीवरून. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्या करकंबजवळच्या खेड्यातल्या. भाकरी थापावी तर ती आपणच, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. पण खरं असलं म्हणून मी लगेच मान्य का करू? ते भांडण आम्ही दोघींनी शेवटपर्यंत पुरवून पुरवून वापरलं.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, यात कधी पडले नाहीत. ते टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. उमेदीची सगळी वर्षं मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं घरातला आवाज त्यांना आवाज वाटतच नसे. कारखाना बंद पडला, हे घरी बसले, तरी तसंच. माझ्याकडं बघून बोलायची त्यांना सवय नाही. आधी पेपरकडं बघून बोलायचे, आता फोनकडं बघून बोलतात. एकदा मी लांब केस कापून खांद्यापर्यंत करून आले, तर ते यांना शेजारणीकडून कळलं.

तिशी उलटली आणि मला शुगर निघाली. गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन आलं. शुगर वाढलेली माणसाला कळते, घसा कोरडा पडतो, पाय जड होतात. माझी पंचाईत वेगळी आहे. माझी शुगर एकदम उतरते आणि ती मला कळतच नाही. इतरांना घाम फुटतो, हात थरथरतात, पोटात खड्डा पडतो. मला काही म्हणजे काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच वर्षांनी काही जणांचं शरीर ओरडायचं सोडून देतं. गंमत बघा, माझ्यासारखीचं शरीर ओरडायचं सोडतं! मी चालता बोलता थेट खाली जाते. एकदा फळ्यावर लसावि काढताना पडले. एकदा पेटलेल्या गॅसपुढं पडले. आत्या घरात होत्या, म्हणून आज हे लिहायला मी आहे.

आत्यांना मात्र ते आधी कळायचं. मला न कळलेलं, डॉक्टरला न दिसलेलं त्यांना कळायचं. बसल्या जागेवरून उठायच्या, कमरेची चंची सोडायच्या आणि म्हणायच्या, "तोंड उघड." चंची म्हणजे गुंडाळी करून ठेवायची कापडी पिशवी. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, आणि अगदी आतल्या कप्प्यात माझा गूळ. त्या गुळाला तंबाखूचा आणि काताचा वास असायचा. मी तोंड वाकडं करायचे, त्या तेवढ्यात खडा आत कोंबायच्या. तो विरघळायच्या आत बोट टोचून पट्टीवर बघावं तर शुगर खरोखर उतरलेली असायची.

बरं, डोळ्यांचं म्हणाल तर दोन्ही मोतीबिंदू पिकलेले. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना गावाकडची आठवण यायची. ताट कुठलं आणि परात कुठली, हे त्यांना चाचपून कळे. मग माझ्या चेहऱ्यावरचं काय दिसत होतं? मी कितीदा विचारलं. "कळतंय की मला," एवढंच उत्तर. एकदा नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं तो दिवस युद्धाचाच असतो. आधी पिंप भरायचं की हंडे, यावर आमची जुंपली होती. त्या म्हणाल्या पिंप. मी बराच वेळ हंडे हंडे केलं आणि मग म्हटलं, बरं, पिंप तर पिंप. तर ह्या ओल्या पायांनी आल्या आणि माझ्या तोंडात गूळ! मला त्याचा फार राग यायचा. माणूस जरा समजुतीनं घ्यायला गेला की तोंडात खडा. पोपटाला मिरची देतात तसं, गुणी वागलं की बक्षीस, असं मला वाटायचं.

आत्यांचं वय झालं, एकदा न्हाणीघरात पाय घसरून त्या महिनाभर अंथरुणाला खिळल्या, आणि बंगळूरच्या माझ्या मुलाला धास्ती बसली. आजी उठू शकली नाही तर आईकडं कोण बघणार? त्यानं फोनवर सांगितलं, "आई, दंडाला लावायचा सेन्सर मिळतो. नाण्याएवढा असतो. सारखी शुगर मोजतो आणि उतरली की फोन वाजतो."

मिळतो म्हणजे बंगळूरला मिळतो. आमच्या मेडिकलवाल्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "सुया आहेत, पट्ट्या आहेत. हे पुण्याहून मागवावं लागेल. उद्या येईल." तो उद्या काही उजाडला नाही. शेवटी मुलानंच ऑनलाइन मागवला. तीन दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन.

"मॅडम, मी टेंभुर्णीत हाय. तुमी कुटं हाय?"

"मी सोलापुरात आहे."

"मग पार्सल टेंभुर्णीत कशाला मागवलं?"

मी गणिताची शिक्षिका. पत्ता कसा वाचायचा, पिनकोड कशासाठी असतो, हे त्याला पहिल्यापासून शिकवलं. तो म्हणाला, "बरं, मोहोळला ठेवतो, घिऊन जावा." हे एसटीनं मोहोळला गेले. तोवर पार्सल गाडीत बसून सोलापूरला आलं होतं. हे तिथं भजी खाऊन रिकाम्या हातानं परतले, आणि पार्सल आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं सापडलं. खोक्यावर छापलं होतं, तीस अंशांच्या वर ठेवू नये. मार्चनंतर सोलापुरात तीस अंश फक्त फ्रिजमध्ये असतात. इस्त्रीवाल्यानं ते औषध आहे म्हटल्यावर काळजीनं गरम कपड्यांच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवलं होतं. "धूळ लागाय नगो म्हणून," तो म्हणाला. त्याच्याशी भांडायला माझ्याकडं शब्द उरले नव्हते, एवढे टेंभुर्णीवर खर्च झाले होते.

तरी ते यंत्र चाललं. शिक्का मारावा तसं दंडावर ठेवून दाबायचं, टक्‌ असा आवाज येतो आणि पांढरी चकती चिकटून बसते. दोन आठवडे ती चालते, मग नवी लावायची. आत्यांनी ती बोटांनी चाचपली.

"बटण हाय की गं. दाबलं की काय हुतं?" म्हणत दाबलीही.

"दाबायचं नाही आत्या. ते शुगर मोजतं आणि फोनवर दाखवतं."

"कुणाच्या फोनवर?"

इथं मेख होती. माझा फोन जुना. त्यात ते ॲप शिरायलाच तयार होईना. मुलानं यांना दिलेला फोन नवा होता, त्यात ते तत्काळ बसलं. म्हणजे माझी शुगर यांच्या फोनवर. आणि फोन माझ्यापासून थोडा लांब गेला, की मधली भिंत आडवी येऊन सिग्नल बंद. आत्यांना हे समजल्यावर त्या पोट धरून हसल्या. "दुखणं तुजं आन खिसा ह्येचा! लगनात गाठ मारली ती कमी पडली व्हय?"

झालं. हे माझ्याबरोबर शाळेत यायला लागले. आमचा संसार एवढा जवळून कधी झाला नव्हता. वर्गाबाहेर खिडकीखाली स्टुलावर बसायचे, मांडीवर फोन. मुख्याध्यापक म्हणाले, बाहेरच्या व्यक्तीला आवारात बसता येणार नाही. मी म्हटलं, ही व्यक्ती बाहेरची नाही, हा माझ्या उपचाराचा भाग आहे. त्यांनी उपचाराच्या भागाकडं पाहिलं. उपचाराचा भाग फोनकडं बघत होता. दोनच दिवसांत पोरं तरबेज झाली. खिडकीतून टूं टूं झालं की अख्खा नववीचा वर्ग ओरडायचा, "बाई, बिस्कीट!" हे खिडकीतून आकडा सांगायचे, पोरं तो माझ्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. शंभराच्या आतल्या संख्यांचा एवढा सराव मी इतक्या वर्षांत करून घेतला नव्हता.

तिकडं बंगळूरला मुलाच्या फोनवरही तेच आकडे पोचत. संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"आई, दुपारी काय खाल्लंस?"

"शेंगाची पोळी. एकच."

"आलेख बघून तीन वाटतात."

"तुझ्या आलेखाला म्हणावं, तूप जास्त होतं."

पण खरी मजा घरात होती. आत्या आता काठी टेकत हिंडायला लागल्या होत्या, आणि घरात आपल्याला स्पर्धक आलाय हे त्यांनी ओळखलं होतं. सूनबाईला सवत येते ते ऐकलं होतं, सासूला सवत आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. यांचा फोन सोफ्यावर, आत्या पाटावर, मधे मी. कोण आधी सांगतंय याची वाट. आणि दर वेळी आत्याच आधी! त्या चंची सोडून गूळ देऊन परत पाटावर जाऊन बसायच्या, कातरून सुपारी तोंडात टाकायच्या, आणि मग फोन वाजायचा, टूं टूं. "जागं झालं का तुजं बटण?" त्या यांना विचारायच्या. हे फोन उलटासुलटा करून बघायचे, कारखान्यात माग अडकला की बघायचे तसे. डॉक्टरना विचारलं, तर ते म्हणाले, हे यंत्र रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतं, म्हणून त्याला थोडा उशीर होतो. मी हे आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी रगात बघत न्हाय आन पानीबी न्हाय."

"मग काय बघता?"

"बघती कशाला? मला दिसतंय कुटं?" आणि हसल्या.

मी चिडून म्हटलं, सांगायचं नसेल तर राहू द्या. त्या म्हणाल्या, राहू दे तर राहू दे. त्यावर आमचं नवं भांडण झालं आणि ते छान दोन दिवस चाललं.

चैत्र सरता सरता आत्या गेल्या. आजारपण नाही, काही नाही. दुपारी ताक-भाकरी खाऊन कलंडल्या, मी चहाला उठवायला गेले तर उठल्या नाहीत. लोक आले, रडले, गेले. त्या दिवशी मी कुणाशी भांडले नाही. मला रडू फुटलं ते चंची पाहून. खुंटीला लटकत होती, आणि आतल्या कप्प्यात दोन खडे होते. मला भीती वाटली, हेही लिहिते. आई गेल्यावर एवढी वाटली नव्हती. आईला माझ्याबद्दल पुष्कळ माहीत होतं, पण मी पडणार आहे हे माझ्या आधी ओळखणारं माणूस जगात एकच होतं. आता राहिलं बटण, आणि बटणाला उशीर व्हायचा.

दहावा गावी केला, नदीच्या काठावर. आत्यांना आवडायचं ते सगळं पिंडाशेजारी मांडलं होतं. कपभर चहा, कांदाभजी, आणि त्यांची चंची. गुरुजींनी विधी भराभर उरकले आणि आम्ही सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघायला लागलो. कावळा पिंडाला शिवल्याशिवाय घरच्या माणसानं तोंडात काही घालायचं नसतं. नऊला आटपेल असं गुरुजी म्हणाले होते, त्या भरवशावर मी सकाळी इन्सुलिन घेतलं होतं. रोजच्यापेक्षा कमी, पण घेतलं होतं. एवढं मोजूनमापून जगणारी बाई मी, आणि कावळ्याच्या वेळेवर विसंबले.

बाभळीवर कावळे होते. पाच-सहा तरी असतील. पिंडाकडं बघत होते, आमच्याकडं बघत होते, खाली काही येत नव्हते. गेलेल्याची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. थोरले भावजी, म्हणजे यांचे मोठे भाऊ, हात जोडून म्हणाले, "आई, बांधावरचा आंबा तोडणार न्हाय." कावळे गप्प. "आई, तुज्या धाकट्या नातीचं लगीन ह्याच वर्षी लावतो." मागून नात ओरडली, "आप्पा, मी एमपीएससी करतीय!" भावजी म्हणाले, "आई, ते ऱ्हाऊ दे मग." हे पुढं झाले आणि म्हणाले, "आई, मी तंबाखू सोडतो." त्यावर जो एक कावळा खालच्या फांदीवर आला होता, तोही वर गेला.

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, तसंही चालतं. भावजी म्हणाले, "आईला खोटं चालायचं न्हाय. तिनं जल्मात खोटा मणीबी घातला न्हाय." तेवढ्यात यांच्या हातातला फोन वाजला. टूं टूं. सगळ्या भावकीनं माना वळवल्या.

"सत्तर," हे म्हणाले. "खाली चाललीय."

माझी बिस्किटं जीपमध्ये होती. मी निघाले, तर भावजी आडवे आले. भावजी माझ्याशी थेट बोलत नाहीत, धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिरानं बोलायचं नसतं. मीही त्यांच्याशी थेट बोलत नाही. आमची भांडणं हे मधे उभे राहतात म्हणून होतात.

"तिला सांग," भावजी यांना म्हणाले, "कावळा शिवल्याबिगर खायचं न्हाय. आन ते वाजणारं बंद कर, कावळं बुजाया लागल्यात."

"तुमच्या दादांना सांगा," मी म्हटलं, "मी इथं आडवी झाले तर दोन पिंडं मांडावी लागतील."

"तिला म्हणावं, जरा दम धर. घाई कसली?"

"त्यांना म्हणावं, घाई मला नाही, शुगरला आहे."

हे मधे उभे राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते आणि फोनवरचा आकडा सांगत होते. अडुसष्ट. सहासष्ट. बोलता बोलता मी दंडाकडं बोट दाखवलं, आणि सकाळच्या अंघोळीनं आणि घामानं सुटत आलेलं ते बटण माझ्या हातातच आलं. मुदतही संपत आली होती त्याची. मी रागानं ते समोरच्या दगडावर आपटलं. दगड पिंडाचा होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

उन्हात ते पांढरंशुभ्र चमकलं. बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला. पिंडाकडं त्यानं पाहिलंही नाही. बटण चोचीत उचललं आणि नदीच्या बाजूला उडाला.

"शिवला!" अर्धी भावकी ओरडली.

"कशाला शिवला?" उरलेली अर्धी ओरडली.

हे फोन उंच धरून कावळ्यामागं काठाकाठानं धावत सुटले. कावळा जवळ होता तोवर फोन काहीबाही दाखवत होता म्हणे. "साठ!" हे ओरडले. ती साठ माझी की कावळ्याची, हे आजतागायत कळलेलं नाही. मग कावळा वर चढला आणि हे म्हणाले, "सिग्नल गेला."

इकडं वाद पेटला होता. एक चुलतभाऊ म्हणाला, पिंडाच्या दगडावरचं शिवलं म्हंजे पिंडच शिवलं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात पिंड आहे, बटण नाही. कुणीतरी म्हणालं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, त्यात काय एवढं? पण एक म्हातारी चुलती म्हणाली, "तिचं त्या बटणासंगं वाकडं हुतं. तेच न्यायला आली हुती." हे सगळ्यांना एकदम पटलं. भावजी छाती काढून पुढं झाले आणि निकाल दिल्यासारखं म्हणाले, "हीच आईची इच्छा हुती. हिनं यंत्र लावायचं न्हाय. आजपास्नं ह्या घरात बटण बंद."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता ज्वालामुखी फुटणार, म्हणून दोन-चार बायका पोरांना घेऊन मागं सरल्या. पुढचं मला नीट आठवत नाही, पण लोकांनी सांगितलं ते असं. मी पदर डोक्यावर घेतला, भावजींकडं तोंड केलं, आणि थेट त्यांना म्हणाले, "बरोबर आहे, भावजी. तुमचं बरोबर आहे."

भावजींचा चेहरा उजळला. मोठी जाऊ म्हणाली, बघा, सासू गेली आणि सून शहाणी झाली.

हे लांब काठावर होते, फोन आभाळाकडं धरून. तिथून त्यांनी ऐकलं. ज्यांना घरातला आवाज कधी आवाज वाटला नाही, त्यांनी ऐकलं. फोन खाली घेतला आणि पळत आले ते थेट पिंडापाशी. गुरुजी "अहो, ते पितरांचं, हात लावू नका" म्हणेपर्यंत यांनी चंची उचलली होती, गुंडाळी सोडली होती, आतल्या कप्प्यात बोटं घातली होती.

"तोंड उघड," हे म्हणाले.

तिथून मात्र मला आठवतं. तंबाखू, कात, आणि मग गूळ. मी खाली वाळूवर बसले होते. यांनी दुसराही खडा दिला. चहाचा कपही उचलून आणला, आत्यांचा. हळूहळू माणसं जागच्या जागी आली, आवाज आले, ऊन आलं. सगळी भावकी माझ्याभोवती वाकून उभी होती. त्यांच्या पायांमधून मला दगड दिसला. पाच-सहा कावळे उतरले होते. पिंड विस्कटलेलं होतं, भजी संपत आली होती. कोणता कावळा कधी शिवला हे एकानंही पाहिलं नाही, कारण सगळे माझ्याकडं बघत होते.

जीभ वळायला लागली तसं मी यांना विचारलं, "बटण कावळ्यानं नेलं. मग तुम्हाला कळलं कसं?"

हे भावजींकडं बघून जरा चाचरले.

"तू दादाला बरोबर म्हणलीस."

"मग?"

"आईनं सांगितलं हुतं मला. पडली हुती की ती न्हाणीत, तवा. म्हणली, ही भांडती तोवर काळजी न्हाय. कुणाचं ऐकाया लागली, बरोबर हाय म्हणाया लागली, की समज साखर उतरली. लगेच गूळ दे."

मला नळाचा दिवस आठवला. पिंप तर पिंप. आणि मी बक्षीस समजत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"आईनंच सांगू नगंस म्हणलं. म्हणली, तिला कळलं तर साखर उतरली तरी हट्टानं भांडत बसंल, मग कुणालाच कळायचं न्हाय."

मला रडू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला. म्हणजे इतकी वर्षं ती म्हातारी माझ्याशी भांडत होती ती मी जागेवर आहे का हे बघायला? म्हणजे मी शहाण्यासारखी बोलले की आजारी, आणि कजाग असले की ठणठणीत? आणि तुम्ही? तुम्हाला इतके दिवस माहीत होतं आणि तुम्ही फोनकडं बघत बसला होतात? आणि भावजींना सांगा, बटण बंद करणारे ते कोण? मी उद्याच दुसरं मागवणार आहे, टेंभुर्णीला गेलं तर टेंभुर्णीहून आणणार आहे!

यांनी मान वळवली आणि भावकीला सांगितलं, "भांडाया लागली. आता बसा समदी जेवाया."

पंगत बसली, पत्रावळ्या आल्या. माझं अजून संपलं नव्हतं. यांनी फोन खिशात टाकला, चंचीची गुंडाळी करून हातात धरली, आणि माझ्याकडं बघत माझं सगळं भांडण शेवटपर्यंत ऐकून घेतलं.